३२५ की ३२६?

कवितेचे पुस्तक कवितेच्या कपाटात ठेवायचे, हे सांगायला खरे तर ग्रंथपाल लागत नाही. पण १९३० साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात डोरोथी पोर्टर यांनी एका संग्रहाचे काम हाती घेतले, तेव्हा अमेरिकेतल्या अनेक ग्रंथालयांत हा साधा नियम एका ठिकाणी येऊन थांबत असे. कवी कृष्णवर्णीय असला की त्याचे पुस्तक कवितेच्या कपाटापर्यंत पोचतच नसे. ड्युई दशांश वर्गीकरणात अशा पुस्तकांसाठी ठरल्यासारखे दोन आकडे होते. ३२५ म्हणजे स्थलांतर आणि वसाहती, ३२६ म्हणजे गुलामगिरी. जेम्स वेल्डन जॉन्सन यांचा कवितासंग्रह? टाका ३२५ मध्ये. गुलामीतून सुटलेल्या माणसाचे आत्मचरित्र असेल तर ३२६. मग तो माणूस पुढे धर्मगुरू झालेला असो, वैद्य झालेला असो की संपादक.

पोर्टर तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. हॉवर्ड हे कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी १८६७ मध्ये उभे राहिलेले विद्यापीठ. त्याचे विश्वस्त जेसी मूरलँड यांनी १९१४ मध्ये आपला खासगी संग्रह विद्यापीठाला देऊन टाकला होता, तीन हजारांहून अधिक पुस्तके, पत्रके, चित्रे आणि हस्तलिखिते. तो नीट लावायचे काम पोर्टर यांच्याकडे आले. हाताशी पैसा नव्हता आणि वर्गीकरणाची तयार पद्धत ही अशी. त्यांनी आकडे मोडले. कविता साहित्यात गेली, वैद्यकावरचे पुस्तक वैद्यकात, संगीताचे संगीतात. आज वाचताना यात विशेष काय, असे वाटेल. पण एखाद्या समाजाने लिहिलेले सगळे एकाच खणात कोंबले की त्या समाजाकडे कवी नाहीत, वैद्य नाहीत, संगीतकार नाहीत, फक्त एक ‘प्रश्न’ आहे, असेच तालिका वाचकाला सांगत राहते. पोर्टर यांनी तो प्रश्न उचलून त्याची माणसे केली.

मेल्विल ड्युई या गृहस्थांबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. त्यांनी स्थापन केलेल्या लेक प्लॅसिड क्लबात ज्यू आणि कृष्णवर्णीय लोकांना प्रवेश नव्हता. अमेरिकेच्या ग्रंथालय संघटनेने आपल्या मानाच्या पदकावरून त्यांचे नाव काढले ते २०१९ मध्ये. दशांश पद्धत मात्र जगभर चालू आहे.

पुस्तके आणायची कशी, हा पोर्टर यांच्यापुढचा दुसरा पेच. त्यांनी जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्यांशी मैत्री केली. त्यांच्या याद्या मागवायच्या, बारकाईने वाचायच्या, आणि पैसे नाहीत हे न लाजता सांगायचे. प्रकाशकांनाही तेच सांगायचे : आमच्याकडे पैसे नाहीत, पण हे पुस्तक आम्हाला द्याल का? अनेकांनी दिले. हे काम त्यांनी त्रेचाळीस वर्षे केले आणि १९७३ मध्ये त्या निवृत्त झाल्या. मधल्या काळात, १९४६ मध्ये, विद्यापीठाने वकील आर्थर स्पिंगार्न यांचा मोठा संग्रह विकत घेतला. आज त्या जागेला मूरलँड-स्पिंगार्न संशोधन केंद्र म्हणतात. नावात दोन पुरुष आहेत. ज्यांनी कार्डे लिहिली त्यांचे नाव पाटीवर नाही.

पोर्टर यांच्या आधीही ही खटपट करणारे होते, आणि त्यातल्या एकाची कहाणी विशेष चटका लावणारी आहे. डॅनियल मरी. जन्म १८५१, बाल्टिमोरचा. १८७१ मध्ये ते लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये लागले आणि दहा वर्षांनी साहाय्यक ग्रंथपाल झाले. १९०० च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात ‘अमेरिकन निग्रो’ असे एक स्वतंत्र दालन असणार होते. समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हाताने रंगवलेले आलेख याच दालनात लागले. तिथे पुस्तकेही ठेवायची होती, पण कोणती? निग्रो लेखकांनी लिहिलेली पुस्तके नेमकी किती, हे कुणालाच ठाऊक नव्हते. कारण अगदी साधे आहे. तालिकेतल्या कार्डावर लेखकाचे नाव असते, पुस्तकाचे नाव असते, प्रकाशनाचे साल असते. कातडीचा रंग नसतो. विषय गुलामगिरीचा असेल तर थोडा सुगावा लागायचा, तोही फसवा. बीजगणितावर किंवा बायबलवर लिहिणारा माणूस कोण, हे कार्ड कसे सांगणार?

मरी यांनी जे केले ते आजच्या भाषेत ‘क्राउडसोर्सिंग’. त्यांनी आठ पानांची एक प्राथमिक यादी छापली, २७० शीर्षकांची, आणि ती देशभर पाठवून दिली. यात काय राहिले आहे, कळवा. लोकांनी कळवले. त्याच वर्षी ड्यू बॉइस यांनी पॅरिसच्या दालनाविषयी लिहिले, तेव्हा यादी १,४०० शीर्षकांवर गेली होती आणि त्यातली सुमारे दोनशे पुस्तके प्रत्यक्ष फडताळावर मांडलेली होती. काही महिन्यांत पाचपट. ही पुस्तके त्या काही महिन्यांत लिहिली गेलेली नव्हती. ती होतीच. कुणी तरी विचारायचे बाकी होते.

मरी यांना यापुढे जायचे होते. जगभरच्या कृष्णवर्णीयांचा एक बहुखंडी चरित्रकोश काढायचा, असा त्यांचा बेत होता. त्यांनी वर्षानुवर्षे टिपणे केली, कात्रणे लावली, माणसांची नावे अकारविल्हे रचली. प्रकाशक मिळाला नाही. १९२५ मध्ये ते गेले आणि कोश कागदांतच राहिला. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९५० या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची दोन खंडांत तडीस नेली, ती ज्यांनी चाळली आहे त्यांना मरी यांच्या कागदांचे वजन वेगळे सांगायला नको. दात्यांचे खंड निदान छापून हाती आले.

याच पिढीत न्यूयॉर्कमध्ये आर्तुरो शोम्बर्ग होते. मूळचे पोर्तो रिकोचे, नोकरी एका बँकेच्या टपालखात्यात. शाळेत एका शिक्षकाने त्यांना सांगितले होते म्हणे, की निग्रोंना इतिहास नसतो. ही आठवण खरी असो की पुढे रंगवलेली, त्या माणसाने आयुष्यभर तिला पुस्तकांनी उत्तर दिले. १९१६ मध्ये त्यांनी अमेरिकन निग्रो कवितेची सूची काढली. १९२६ मध्ये त्यांचा संग्रह कार्नेगी प्रतिष्ठानाच्या दहा हजार डॉलरमधून न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या हार्लेममधल्या शाखेत आला. दोन वर्षांनी, १९२८ मध्ये, टस्कीगीच्या मन्रो वर्क यांची सतरा हजार नोंदींची सूची आली. म्हणजे संगणक येण्यापूर्वीच नावे गोळा करण्याचे काम बरेच पुढे गेले होते. अडचण होती ती नावांची. एकच माणूस तीन याद्यांत तीन नावांनी हजर, किंवा एकाच नावाखाली दोन माणसे, असा तो घोळ.

हॅरिएट विल्सन यांचेच बघा. १८५९ मध्ये बॉस्टनला ‘अवर निग’ नावाची कादंबरी छापली गेली. मुखपृष्ठावर लेखिकेचे नाव नव्हते, ‘अवर निग’ हेच टोपणनाव. न्यू हॅम्पशरमध्ये एका गोऱ्या कुटुंबात राबणाऱ्या मुलीची ही गोष्ट. म्हणजे गुलामगिरी नसलेल्या उत्तरेतले हाल, आणि उत्तरेतल्या सज्जनांना ते वाचायची फारशी हौस नव्हती. प्रस्तावनेत लेखिका सांगते, की स्वतःला आणि मुलाला जगवण्यासाठी ती हे पुस्तक काढत आहे. पुस्तक विरून गेले. पुढे शंभरावर वर्षे ज्यांच्या पाहण्यात ते आले त्यांतल्या अनेकांना ते कुणा गोऱ्या लेखिकेने लिहिले असावे असे वाटले, आणि त्यामुळे कृष्णवर्णीय लेखकांच्या याद्यांत त्याला जागा मिळाली नाही.

१९८० च्या दशकाच्या आरंभी साहित्याचे अभ्यासक हेन्री लुई गेट्स यांनी या पुस्तकाचा माग काढला. पुरावा सापडला तो साहित्याच्या इतिहासात नव्हे, एका मृत्युनोंदीत. फेब्रुवारी १८६० मध्ये, पुस्तक निघून पुरते सहा महिनेही झाले नव्हते, तेव्हा जॉर्ज मेसन विल्सन नावाचा सात वर्षांचा मुलगा तापाने गेला. नोंदीत आईचे नाव होते आणि मुलाच्या वर्णाचा रकाना होता. ज्याला जगवण्यासाठी पुस्तक लिहिले त्या मुलाच्या मरणाच्या दाखल्याने आईला लेखिका म्हणून ओळख मिळवून दिली. अमेरिकेत कादंबरी प्रसिद्ध करणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणून तिचे नाव आता पाठ्यपुस्तकांत आहे.

पुढचा तपशीलही पाहण्यासारखा आहे. गेट्स यांच्या शोधानंतर बराच काळ असे मानले जात होते, की मुलगा गेल्यावर आईही लवकरच गेली असावी. २००५ च्या आवृत्तीसाठी गॅब्रिएल फोरमन आणि रेजिनाल्ड पिट्स यांनी कागद पुन्हा उपसले, तेव्हा विल्सनबाई चांगल्या चाळीस वर्षे पुढे भेटल्या. त्यांनी केसांना लावायचे औषध बाटल्यांत भरून विकले होते, मृतात्म्यांशी संवादाचा दावा करणाऱ्या पंथात व्याख्याने देत त्या हिंडल्या होत्या, आणि १९०० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या क्विन्सी गावी वारल्या. करुण नायिका म्हणून ज्यांना आधीच पुरून टाकले होते, त्या बाई बाजारात बाटल्या विकत होत्या.

दुसरे प्रकरण पुन्हा पोर्टर यांच्या दाराशी येते. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या एमिली ड्रिस्कॉल या विक्रेत्या बाईंच्या यादीत त्यांना एक हस्तलिखित दिसले. पळून सुटलेल्या एका दासीची आत्मकथनपर कादंबरी, लेखिकेचे नाव हॅना क्राफ्ट्स. पोर्टर यांनी पंच्याऐंशी डॉलर मोजून ते स्वतःसाठी घेतले. लेखिका कृष्णवर्णीयच असली पाहिजे, असे त्यांना वाटत होते. कथेतली काळी माणसे आधी माणसे म्हणून येतात, वर्णाचा उल्लेख मागाहून होतो, ही खूण त्यांनी हेरली होती. हे हस्तलिखित त्यांच्या मृत्यूनंतर २००१ मध्ये लिलावात आले आणि गेट्स यांनीच ते घेतले. कागद, शाई, सगळ्यांची बारकाईने तपासणी झाली. काळ ठरला १८५० च्या दशकाचा, फार तर १८६१ पर्यंतचा. २००२ मध्ये ते ‘द बाँडवुमन्स नॅरेटिव्ह’ म्हणून छापले गेले आणि खूप खपले. पण हॅना क्राफ्ट्स कोण, याचा पत्ता नव्हता. २०१३ मध्ये ग्रेग हेसिमोविच यांनी तो लावला : उत्तर कॅरोलिनातल्या जॉन हिल व्हीलर यांच्या घरातली गुलाम दासी, हॅना बाँड, जी १८५७ च्या सुमारास पळाली.

आता तालिका करणाऱ्याने काय लिहायचे? क्राफ्ट्स हे तिने स्वतः घेतलेले नाव. बाँड हे मालकांच्या वंशावळीतून चिकटलेले. कागदोपत्री पुरावा बाँडचा आहे, मान तिच्या निवडीचा ठेवायचा तर क्राफ्ट्स.

तिसरे प्रकरण सूची करणाऱ्यांनी स्वतःच्या टेबलावर चौकटीत लावून ठेवावे असे आहे. एमा डनहॅम केली-हॉकिन्स यांच्या ‘मेग्डा’ आणि ‘फोर गर्ल्स अॅट कॉटेज सिटी’ या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कादंबऱ्या. पुस्तकातल्या एका छायाचित्रावरून आणि जुन्या सूचीतल्या नोंदीवरून त्या कृष्णवर्णीय लेखिका मानल्या गेल्या. १९८८ मध्ये ऑक्सफर्डने एकोणिसाव्या शतकातल्या कृष्णवर्णीय लेखिकांची जी मोठी मालिका काढली, तिच्यात या कादंबऱ्या आल्या. त्यांतल्या नायिका निळ्या डोळ्यांच्या, गोऱ्यापान का आहेत, यावर अभ्यासकांनी विद्वत्तापूर्ण निबंध लिहिले. २००५ मध्ये हॉली जॅक्सन या संशोधक विद्यार्थिनीने जनगणनेची पाने उघडली. केली-हॉकिन्स आणि त्यांचे घराणे पिढ्यान् पिढ्या गोरे म्हणून नोंदलेले होते. नायिकांचे डोळे निळे होते, कारण लेखिकेने आपल्या ओळखीच्या मुली लिहिल्या होत्या. एका यादीने दुसरीवरून उतरवले, दुसरीवरून तिसरीने, आणि मूळ कागदाकडे कुणी वळले नाही.

हे सारे डोक्यात ठेवूनच संगणकाच्या काळाकडे आले पाहिजे. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अॅव्हरम यांनी १९६० च्या दशकात तालिकेचे कार्ड यंत्राला वाचता येईल अशा रकान्यांत बसवले. कार्डे खणातून पडद्यावर आली, पण ती कार्डेच राहिली. प्रत्येक ग्रंथालयाची आपली तिजोरी, आपले कुलूप. टिम बर्नर्स-ली यांनी २००६ मध्ये मांडलेली ‘लिंक्ड डेटा’ची कल्पना हे कुलूप काढते. तिचे मर्म सोपे आहे. प्रत्येक गोष्टीला, माणसाला, पुस्तकाला, गावाला, जाळ्यावर एक कायमचा पत्ता द्यायचा. मग माहिती तीन शब्दांच्या वाक्यांत सांगायची : ‘अवर निग’ – लेखिका – हॅरिएट विल्सन. हॅरिएट विल्सन – जन्मस्थळ – मिलफर्ड. मिलफर्ड – राज्य – न्यू हॅम्पशर. कर्ता, संबंध, कर्म. या तिन्ही जागी नाव नव्हे, तो पत्ता बसतो. त्यामुळे जर्मनीतल्या ग्रंथालयाची नोंद आणि अमेरिकेतली नोंद एकाच बाईविषयी आहे हे यंत्रालाही कळते. ही माहिती कुणालाही फुकट वापरता येत असेल, तर ती ‘ओपन’, खुली.

जगभरच्या राष्ट्रीय ग्रंथालयांच्या नावनोंदी जुळवणारी ‘व्हीआयएएफ’ ही सामाईक यादी २००३ पासून आकाराला आली. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये विकिडेटा सुरू झाला. त्यात प्रत्येक नोंदीला ‘क्यू’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. कुणा खट्याळाने क्यू ४२ हा क्रमांक विज्ञान-विनोद लिहिणाऱ्या डग्लस अॅडम्स यांच्यासाठी का राखला, हे त्यांच्या वाचकांना लगेच समजेल. विकिपीडियात लेख असायला माणूस ‘उल्लेखनीय’ लागतो आणि त्या चाळणीत विस्मृतीतले लेखक अडकतात. विकिडेटाचा उंबरठा त्या मानाने खाली आहे. विश्वासार्ह आधाराने ओळखता येणारी व्यक्ती असली तरी चालते. चर्चच्या छापखान्यात एकच कवितासंग्रह काढून थांबलेल्या बाईला इथे जागा मिळू शकते.

हे काम बाहेरून दिसते तितके झटपट नाही. समजा कुणी हॅरिएट विल्सन यांची नोंद करायला बसले. आधी ती आहे का ते पाहायचे. शोधले की एक हॅरिएट विल्सन भेटतात, पण त्या भलत्याच. लंडनच्या उच्चभ्रू पुरुषांना आपल्या आठवणींनी घाम फोडणारी ती गणिका, तिचे पुस्तक १८२५ चे. योगायोग असा, की आपल्या विल्सनबाईंचा जन्मही १८२५ चाच. स्पेलिंगमध्ये दोन अक्षरांचा फरक. यंत्राने घाईने दोघींना एक केले, तर लंडनच्या गणिकेने बॉस्टनला कादंबरी लिहिली असे होऊन बसेल. ते टाळले, की लग्नाआधीचे नाव, जन्मगाव, नवरे, व्यवसाय, मृत्यू. प्रत्येक विधानाला आधार जोडायचा. वर्णाचा किंवा वांशिक गटाचा रकाना तर विकिडेटातही आधाराशिवाय भरू नये असा दंडक आहे. केली-हॉकिन्स प्रकरण माहीत असलेल्याला तो दंडक का, हे विचारावे लागत नाही.

या रकान्यावरून आजही वाद आहे. एका बाजूचे म्हणणे : लेखकाच्या नोंदीत वर्ण, वंश लिहिला नाही तर कृष्णवर्णीय कवयित्री शोधणाऱ्याला त्या कधीच एकत्र सापडणार नाहीत, पुन्हा मरी यांच्या १९०० सालच्या अडचणीत आपण जाऊ. दुसरी बाजू म्हणते, माणसावर शिक्का मारण्याचा हक्क ग्रंथपालाला कुणी दिला? ३२५ आणि ३२६ हे असेच शिक्के होते. दोघांचेही बरोबर आहे आणि म्हणूनच वाद मिटत नाही. लिंगाच्या रकान्याबाबत अमेरिकेतल्या सहकारी तालिकीकरणाच्या संस्थेने २०२२ मध्ये स्पष्टच सुचवले, की व्यक्तीच्या नावनोंदीत तो भरू नये. विषयशीर्षकांचा प्रवास तर त्याहून बोलका. लायब्ररी ऑफ काँग्रेसने ‘निग्रोज’ हे शीर्षक १९७६ मध्ये बदलून ‘अॅफ्रो-अमेरिकन्स’ केले आणि २००० मध्ये ‘आफ्रिकन अमेरिकन्स’. पुस्तके तीच, फडताळ तेच, शिक्का दोनदा बदलला.

लोकांनी नावे बदलली ती वेगळीच. कवी लेरॉय जोन्स यांचे अमिरी बराका झाले. आणि डोरोथी पोर्टर? त्यांचा जन्म डोरोथी बर्नेट म्हणून झाला. चित्रकार जेम्स पोर्टर यांच्याशी लग्न झाल्यावर त्या पोर्टर, पुढे इतिहासकार चार्ल्स वेस्ली यांच्याशी विवाहानंतर डोरोथी पोर्टर वेस्ली. आयुष्यभर इतरांची नावे जुळवणाऱ्या बाईंची स्वतःची नोंद तीन नावे सांभाळते.

गेल्या काही दशकांत या कामाला संस्थांचे पाठबळ मिळू लागले आहे. १९८३ मध्ये मिसिसिपी विद्यापीठात मेरीएमा ग्रॅहॅम यांनी कृष्णवर्णीय कादंबऱ्या शोधण्याचा प्रकल्प सुरू केला, तो पुढे कॅन्ससला गेला आणि ‘प्रोजेक्ट ऑन द हिस्टरी ऑफ ब्लॅक रायटिंग’ या नावाने नांदला. येल आणि रटगर्स विद्यापीठांत जॅकलिन गोल्ड्सबी आणि मेरेडिथ मॅकगिल यांचा ‘ब्लॅक बिब्लिओग्राफी प्रोजेक्ट’ चालतो. त्यात पुस्तकाचा लेखकच नव्हे, तर मुद्रक, संपादक, मुखपृष्ठकार, पुस्तक विकणारा, यांचेही पत्ते जोडले जातात. कारण कृष्णवर्णीय साहित्य बहुधा मोठ्या प्रकाशकांकडून आलेच नाही. ते चर्चच्या छापखान्यांतून, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून, कधी लेखकाच्या स्वतःच्या खिशातून आले. विल्यम वेल्स ब्राऊन यांची ‘क्लोटेल’, आफ्रिकन अमेरिकन लेखकाची पहिली प्रसिद्ध कादंबरी, निघाली ती १८५३ मध्ये लंडनला. अशा साहित्याचा इतिहास फक्त लेखक आणि शीर्षकावर लिहिला, तर अर्धी माणसे गळतात. मरी आणि शोम्बर्ग यांनी कार्डाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने जे लिहून ठेवले असते, त्याला आता पुढच्या बाजूला जागा आहे.

मराठी वाचकाला या जाळ्यात आपल्याकडचा एक धागाही दिसतो. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सत्पुरुषांना. १९४६ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अर्जाची प्रत त्यांना हवी होती. ते पत्र आज मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ड्यू बॉइस संग्रहात आहे, आणि त्याची खुली नोंद जाळ्यावर कुणालाही पाहता येते. पाठवणारा, घेणारा, साल. दोन चळवळी जोडणारे तीन रकान्यांचे एक वाक्य, पुराव्यासकट.

चुका मात्र या नव्या व्यवस्थेतही मुक्कामाला येतात, आणि जोडणी असल्यामुळे आता त्या लवकर पसरतात. पण एक सोय कार्डाच्या काळी नव्हती. परस्परविरोधी दोन विधाने शेजारी शेजारी ठेवता येतात, प्रत्येकाला आपापला आधार जोडून, आणि कोणते अधिक भरवशाचे ते खुणेने सांगता येते. तारीख अंदाजे असेल तर नुसते साल, नाही तर नुसते दशक लिहिता येते. गुलामीतून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांना स्वतःचा जन्मदिवस कधीच कळला नाही. त्यांच्या अंदाजाने साल १८१७ होते. मालकाच्या वहीत ते फेब्रुवारी १८१८ निघाले. गुलाम हा मालमत्तेचा भाग असल्यामुळे त्याच्या जन्माची नोंद मालकाच्या वहीत होती, त्याच्या घरी नव्हती.

लेखिका झोरा नील हर्स्टन यांचे जन्मसाल त्यांनी स्वतःच बदलले होते. १९१७ मध्ये, सव्वीस वर्षांच्या असताना, बाल्टिमोरला मोफत शाळेत बसण्यासाठी त्यांनी वयातून दहा वर्षे उडवली आणि ती परत कधी जोडली नाहीत. जन्म १८९१ चा, पण पुस्तकांतून, सूचींतून, कार्डांतून १९०१ फिरत राहिला. १९६० मध्ये त्या फ्लॉरिडातल्या फोर्ट पिअर्सला निष्कांचन अवस्थेत गेल्या आणि त्यांना बिनखुणेच्या थडग्यात पुरले. १९७३ मध्ये कादंबरीकार अॅलिस वॉकर ती जागा शोधत तिथे पोचल्या, कमरेएवढ्या गवतातून, आणि त्यांनी स्वखर्चाने एक दगड बसवला. तालिका केव्हाच दुरुस्त झाल्या आहेत. त्या दगडावर आजही १९०१ आहे.